जंतूराव, नाव घ्या!

फलटणमध्ये डीएनएची गोष्ट सांगायची तर ती मेंढीपासूनच सुरू करावी. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे सगळ्यांच्या 'नारी'नं, दख्खनी मेंढीच्या वंशात सुंदरबनातल्या इवल्याशा गॅरोल मेंढीचं एक जनुक आणलं आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली. दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते, सुवर्णा पुष्कळदा जुळी देते. हा फरक किती अक्षरांचा असेल? मेंढीच्या डीएनएत अडीचशे कोटींहून जास्त अक्षरं आहेत. त्यातल्या एका जनुकात, एका जागी 'ए' ऐवजी 'जी' आलं. बस्स, एवढंच! कोणत्या कोकराला हे अक्षर मिळालंय ते नुसतं बघून कळत नाही, रक्ताच्या नमुन्यातून कळतं. या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही नारीच्या सोबतीला होती.

जगात हे जनुक 'बुरूला' या ऑस्ट्रेलियन नावानं ओळखलं जातं. पण ऑस्ट्रेलियात ते पोचलं ते बहुधा १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांबरोबर. म्हणजे मूळचं आपल्याकडचंच!

मेंढीच्या रक्तातलं अक्षर वाचायची ही विद्या आता तापानं फणफणलेल्या माणसाच्या उशाशी आली आहे. रक्त, बेडका, मणक्यातलं पाणी, जे हाती लागेल त्यातला डीएनए वाचायचा आणि विचारायचं, 'आत कोण आहे?' याला म्हणतात जिनोम सिक्वेन्सिंग. त्यातल्या मला सगळ्यात रंजक वाटलेल्या गोष्टी इथे सांगते.

चायना ग्रासचे उपकार

जंतू ओळखायची जुनी रीत म्हणजे त्याला खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि मग त्याचं रंगरूप बघायचं. यालाच कल्चर म्हणतात. सुरुवातीला जंतू जिलेटिनवर वाढवत. पण उकाड्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर ते चक्क फस्त करायचे. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे यांनी आपल्या संशोधक नवऱ्याला स्वयंपाकघरातला उपाय सुचवला. जेली घट्ट राहावी म्हणून त्या समुद्री शेवाळापासून बनलेलं अगर वापरत. तेच घेऊन बघा, म्हणाल्या. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेनं ते उचललं आणि आजही जगभरच्या लॅबमध्ये जंतू अगरवरच वाढतात. आपण दुधात शिजवून ज्याच्या थंडगार वड्या पाडतो तो चायना ग्रास म्हणजे हेच अगर.

अडचण एकच, जंतू आपल्या सोयीनं वाढतो. पोटातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे त्याचा पत्ता दोन-तीन दिवसांत लागतो. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला अठरा ते चोवीस तास लागतात, म्हणून त्याच्या कल्चरची वाट बेचाळीस दिवसांपर्यंत बघावी लागते. लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूला, म्हणजे लेप्टोस्पायराला, कधी कधी महिनेही लागतात. स्क्रब टायफसचा जंतू तर अगरकडे ढुंकून बघत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते.

रुग्ण तेवढे दिवस थांबू शकत नाही, आणि डॉक्टरही. मग अंदाजानं, एकाच वेळी अनेक जंतूंवर चालणारं अँटिबायोटिक सुरू होतं. पुष्कळदा ते लागू पडतं. नाही पडलं तर मधले दिवस हातचे जातात. जलद सिक्वेन्सिंगची सगळी धडपड या मधल्या दिवसांसाठी आहे.

उसाच्या फडातला ताप

लेप्टोस्पायरोसिस म्हटलं की आपल्याला २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची मुंबई आठवते. पण या तापाचं जुनं नातं उसाशी आहे. उंदराच्या मुतातून हा जंतू चिखलात, पाण्यात येतो आणि हातापायांच्या चिरांतून माणसाच्या अंगात शिरतो. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या ऊसतोड मजुरांत या तापानं माणसं मरू लागली. तोडणीआधी फड पेटवा, म्हणजे उंदीर पळतील, अशी मागणी करत मजुरांनी १९३५ मध्ये संप केला. तिथे ऊस जाळून तोडायची पद्धत पसरण्यामागे उंदरानं आणलेला हा ताप होता! साखरवाडीच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जाताना बघितल्या की मला हा संप आठवतो.

आता ऐका या जंतूची सगळ्यात गाजलेली गोष्ट. अमेरिकेत चौदा वर्षांचा एक मुलगा होता, जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती कमकुवत. ताप आणि डोकेदुखी घेऊन तो चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात आला. पुढे मेंदूत पाणी साठलं, झटके थांबेनात, औषधानं बेशुद्ध ठेवावं लागलं. मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी काहीच सापडलं नाही. शेवटी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या मणक्यातल्या पाण्यातला सगळा डीएनए वाचायला घेतला. ३०,६३,७८४ तुकडे वाचले. त्यातले लेप्टोस्पायराचे किती असतील? ४७५! साडेसहा हजारांत एखादा. बाकीचे जवळजवळ सगळे त्या मुलाचेच स्वतःचे.

नमुना हातात आल्यापासून दोन दिवसांच्या आत उत्तर तयार होतं. गंमत म्हणजे लेप्टोच्या नेहमीच्या चाचण्या तोवर 'नाही' म्हणत होत्या. या जंतूवर चालणारं औषध साधं आणि जुनं, पेनिसिलिन. ते दिलं आणि बत्तीस दिवसांनी मुलगा घरी गेला. ही हकिगत २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. औषध जुनंच होतं, अडलं होतं ते नावापाशी.

मामला, जिल्हा बीड

बीड म्हणजे आपल्याकडे दर हंगामाला येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचा जिल्हा. त्या बीडमधलं मामला हे गाव ऑगस्ट १९९४ मध्ये एकदम देशभर माहीत झालं. माणसांना ताप येत होता आणि जांघेत गाठी उठत होत्या. जुन्या माणसांनी ओळखलं, गाठीचा ताप! प्लेग! जवळजवळ तीस वर्षं देशात न दिसलेला रोग परत आला होता. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली आणि लोक मिळेल त्या गाडीनं सुरत सोडू लागले.

त्यानंतर जे झालं ते मला आजही अस्वस्थ करतं. साथ ओसरली, पण 'हा प्लेग होता की नव्हताच?' हा वाद काही ओसरेना. तज्ज्ञांत दोन तट पडले. इकडे निर्यात थांबली, विमानं रद्द झाली, आणि मूळ प्रश्न तसाच. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीत मिळालेल्या जंतूंच्या डीएनएतला एक ठरावीक भाग वाचला आणि सांगितलं, हा यर्सिनिया पेस्टिसच, प्लेगचाच जंतू. हा निबंध छापून आला २००० साली. साथीनंतर सहा वर्षांनी!

ज्या गोष्टीला तेव्हा वर्षं गेली ती आज एका दिवसात होऊ शकते. या विषयाचं मला जे अप्रूप वाटतं ते इथे आहे.

आणखी मागे जायचं तर आपल्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातलं नायगाव. सावित्रीबाई फुल्यांचं हे जन्मगाव. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याआधी तीनच वर्षं, १८९४ मध्ये, अलेक्झांडर यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये या जंतूला हुडकून काढलं होतं. नाव होतं, पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षं होती.

आणि हो, १४ व्या शतकात युरोप ओस पाडणारी 'काळी साथ' याच जंतूची, हे लंडनमधल्या त्या काळच्या दफनभूमीतल्या दातांनी सांगितलं. दाताच्या आतल्या गरात जंतूचा डीएनए साडेसहाशे वर्षं टिकून होता. २०११ मध्ये त्याचा जवळजवळ सगळा मजकूर वाचून झाला.

उखाण्याची चाल

शिवाजी यांनी वाचलेला तो 'ठरावीक भाग' म्हणजे १६-एस जनुक. जेमतेम दीड हजार अक्षरांचं. प्रत्येक जिवाणूत ते असतंच, कारण त्याशिवाय प्रथिनं बनवणारा कारखाना चालत नाही. आपला उखाणा आठवा. चाल सगळ्यांची तीच, पण मधे येणारं नाव ज्याचं त्याचं. या जनुकाचंही तसंच आहे. काही ओळी सगळ्या जिवाणूंत जवळजवळ सारख्या, मधले तुकडे मात्र जातीगणिक वेगळे. सारख्या ओळींवरून यंत्राला जागा सापडते आणि मधल्या तुकड्यांवरून नाव कळतं. म्हणून तर जंतू माहीत नसला तरी त्याला 'नाव घ्या' म्हणता येतं.

याच उखाण्यानं आकाशातले पाहुणेही ओळखले. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोचा एक बलून वर गेला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून आला. या प्रयोगाचे म्होरके होते डॉ. जयंत नारळीकर. नमुने तपासले पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांनी, आणि सीसीएमबीत पुन्हा शिवाजी यांनी. त्यात जंतूंच्या तीन अगदी नव्या जाती निघाल्या. त्यांची नावं ठेवली आर्यभट, इस्रो आणि नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्यावरून. त्यातला हॉयलसाहेबांच्या नावाचा 'जॅनिबॅक्टर हॉयली' पुढे कोरियातल्या एका रुग्णाच्या रक्तात सापडला!

काट्यानं काटा

मिनआयन नावाचं एक सिक्वेन्सिंग यंत्र आहे. वजन शंभर ग्रॅमच्या आत, शर्टाच्या खिशात मावेल एवढं. लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखं जोडायचं. २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी अंतराळ स्थानकात बसून यावर डीएनए वाचला.

आत एक पडदा असतो आणि त्या पडद्याला अतिसूक्ष्म भोकं. डीएनएचा धागा सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा भोकातून सरकतो. प्रत्येक अक्षर जाताना विजेच्या प्रवाहात किंचित फरक पडतो आणि त्या फरकावरून संगणक अक्षर ओळखतो. सेकंदाला चारेकशे अक्षरं, तीही एका भोकातून. अशी शेकडो भोकं एकदम चालतात. मुख्य म्हणजे वाचन चालू असतानाच निकाल दिसू लागतो, सगळं संपायची वाट बघावी लागत नाही.

हे भोक पाडतं कोण? एक प्रथिन. आणि ते घेतलंय ई. कोलाय या जंतूकडून! जंतूच्याच भोकातून जंतूचं गुपित बाहेर येतं.

नमुन्यातला डीएनए आधी वाढवून घ्यायला पीसीआर वापरतात. कोविडमुळे हा शब्द घरोघरी पोचला. त्यातलं जवळजवळ उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेत टिकणारं प्रथिनही एका जंतूचंच, अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखीच ती जागा.

लंडनच्या गाईज अँड सेंट थॉमस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात या अतिसूक्ष्म भोकांच्या, म्हणजे 'नॅनोपोर', पद्धतीचा रोजचा वापर सुरू झाला आहे. रुग्णाच्या फुप्फुसातला स्राव घेतात आणि त्याच दिवशी जंतूचं नाव सांगतात.

मेथीची बदनामी

मे २०११. जर्मनीत ई. कोलायच्या एका भयंकर वाणानं हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. आधी आळ आला स्पेनच्या काकड्यांवर. चीनमधल्या बीजीआय संस्थेनं तीन दिवसांत जंतूचा डीएनए वाचून सगळ्यांसाठी खुला केला आणि जगभरचे शास्त्रज्ञ रात्रभर बसून त्याचा अर्थ लावू लागले. दोन वेगळ्या जंतूंचे वाईट गुण एकात आले होते, हे त्यातून उमगलं. पण खरा गुन्हेगार पकडला तो लोकांना 'काय काय खाल्लंत?' असं चिकाटीनं विचारणाऱ्यांनी. तो होता मोड आलेली मेथी! बियाणं बहुधा इजिप्तचं. काकडी सुटली. यंत्रानं जंतूचं नाव सांगितलं, पण गाव सांगितलं ते पायपीट करणाऱ्या माणसांनी.

पाचगणीची हवा, गोव्याचं यंत्र

क्षय झाला की सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला न्यायचे, तिथे १९१२ पासून बेल-एअर आरोग्यधाम आहे. सांगलीकडच्यांसाठी मिरजेजवळची वानलेसवाडी. औषध म्हणजे मोकळी हवा, अंडी, दूध आणि देवाचं नाव. महिनोन्महिने.

आज बेडक्याचा नमुना ट्रूनॅट यंत्रात घालतात आणि तास-दीड तासात क्षय आहे की नाही ते कळतं. हे यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. हे पूर्ण सिक्वेन्सिंग नाही. पोथी न वाचता खुणेची एकच ओळ शोधायची, असा प्रकार. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही, हे मुख्यतः ८१ अक्षरांच्या एका तुकड्यावरून कळतं. क्षयाच्या जंतूच्या चव्वेचाळीस लाख अक्षरांपैकी फक्त ८१! (रिफाम्पिसिनच्या घराण्याला हे नाव मिळालं 'रिफीफी' या फ्रेंच चोरपटावरून. मिलानच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींना तो सिनेमा भारी आवडला होता.)

बाकीच्या औषधांचं काय? त्यासाठी मात्र पोथी वाचावी लागते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयाच्या जंतूतल्या बदलांची एक सूची काढली, कोणतं अक्षर बदललं की कोणतं औषध फुकट जातं ते सांगणारी. अडतीस हजारांहून जास्त नमुन्यांवरून ती बनली. या कामाला हातभार लावणाऱ्या जागतिक प्रकल्पात मुंबईच्या दोन प्रयोगशाळा होत्या, हिंदुजा रुग्णालय आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च. मुंबईच्या चाळींतल्या खोकल्यानं जगाच्या कोशात शब्द घातले आहेत.

कोंबडीचं अंगमान

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण अचानक वाढले. फलटणच्या कितीतरी घरांची मुलं त्या बाजूला राहतात, त्यामुळे इथेही फोनवर तोच विषय. काही रुग्णांच्या शौचात या आजाराला चिथावणी देऊ शकणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. मोठा मानी जंतू! नेहमीच्या हवेत वाढत नाही, त्याला प्राणवायू थोडकाच लागतो. आणि ४२ अंश तापमान आवडतं, कारण कोंबडीचं अंग तेवढंच गरम असतं. असे मानपान सांभाळून त्याला वाढवण्यापेक्षा थेट डीएनए तपासणं सोपं पडतं.

यंत्र कुठे अडखळतं

माणसाच्या डीएनएत तीनशे कोटींहून जास्त अक्षरं, जंतूच्या डीएनएत साधारण वीस ते साठ लाख. त्यामुळे रक्त वाचायला घेतलं की बहुतेक वेळ माणूसच वाचला जातो. मेलेल्या जंतूचा डीएनएही यंत्र तितक्याच इमानानं वाचतं, म्हणजे बरा झालेला आजार चालू वाटू शकतो. सुई टोचताना कातडीवरचा निरुपद्रवी जंतू आत गेला तर त्याचंही नाव येतं. आणि डीएनए वाचून 'हे औषध चालणार नाही' हे बरंच सांगता येतं, पण 'हे नक्की चालेल' याची खात्री अजून चायना ग्रासवरच होते. म्हणून कल्चरची बशी फेकून द्यायची वेळ आलेली नाही, आणि मला वाटतं लवकर येणारही नाही.

फलटणहून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटर. मोठी सिक्वेन्सिंग यंत्रं तिथे आहेत. कोविडच्या काळात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेपासून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत अनेकांनी ही विद्या हातात घेतली. ती तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. ताप उतरत नसेल तर रक्ताच्या कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी द्यावा, पण त्यासाठी उपचाराला उशीर मात्र करू नये.

आणि मेंढपाळांसाठी

मेंढ्यांमुळे माणसाला होणारा एक ताप आहे, ब्रुसेलोसिस. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सांधे दुखतात, रात्री घाम फुटतो, आणि टायफॉईड किंवा क्षय समजून महिने जातात. गाभटलेल्या मेंढीचा वार हातानं काढला, कच्चं दूध प्यालं की तो अंगात शिरतो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर हा जंतू शोधला. बहुतेक जंतूंचा डीएनए एकाच गुंडाळीत असतो, याच्या बहुतेक जातींत दोन. कल्चरमध्ये तो इतका सावकाश वाढतो की बशी तीन-तीन आठवडे ठेवावी लागे, आणि बेसावध राहिलं तर बशी हाताळणाऱ्या लॅबवाल्यालाच तो धरतो. म्हणून दादा, डॉक्टरांना ताप किती दिवसांचा ते सांगाल तेव्हा मेंढ्या किती आहेत आणि त्यातली कुठली गाभटली होती, तेही सांगा.